बुकरचे अंदाज का चुकतात: वाचक कट्ट्यासाठी टप्प्याटप्प्याची पद्धत

जुलै उजाडला की ठाण्यातल्या आणि वाशी-नेरूळकडच्या वाचक कट्ट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर तेरा-तेरा नावांच्या याद्या फिरायला लागतात: इंग्रजी कादंबरीसाठीच्या ब्रिटनमधल्या बुकर पुरस्काराच्या पहिल्या यादीत, म्हणजे लाँगलिस्टमध्ये, कुठली तेरा पुस्तकं येतील याचे अंदाज. त्या तेरांतून पुढे सहांची शॉर्टलिस्ट निघते आणि तिच्यातून विजेता. त्यातली काही पुस्तकं मुळात पात्रच नसतात. काही भलत्याच वर्षाची असतात, एखादं अनुवादित, एखादा सरळसरळ कथासंग्रह. वाचन कमी पडतं म्हणून असं होत नाही. क्रम चुकतो. सुरुवात आवडीपासून होते आणि नियम निकालानंतर कुणीतरी वाचून दाखवतं.

इथली पद्धत उलट्या टोकाने चालते. आधी पात्रतेची चाळणी, मग पुस्तक परीक्षकांच्या टेबलापर्यंत कुठल्या वाटेने पोचतं याचा हिशेब, मग परीक्षक, मग टक्के. स्वतःची आवड सगळ्यात शेवटी, आणि तीही वेगळ्या रकान्यात. लेखाचा मोठा भाग बुकरबद्दल आहे. साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारासाठी काय बदलायचं ते शेवटी दिलं आहे.

## पूर्वतयारी: माणसं, शीट आणि तारखा

पाच ते आठ माणसं पुरतात. चाराच्या खाली वाचन वाटून घेता येत नाही, आठाच्या वर गेलात की बैठक चहातच संपते. एकाला नोंदकर्ता नेमा. त्यानेही अंदाज लावावा, फक्त ठरल्या तारखेला शीटला कुलूप घालायचं काम त्याचं.

शीटमध्ये हे रकाने हवेत: पुस्तक, लेखक, ब्रिटनमधली इंप्रिंट (प्रकाशक ज्या शाखेच्या नावाने पुस्तक काढतो ती), ब्रिटनमधली प्रकाशनतारीख, पानं, प्रकार, लेखक आधी विजेता किंवा शॉर्टलिस्टवर होता का, गटात कुणी वाचलं, आणि मग दोन रकाने शेजारी-शेजारी: ‘येईल’ आणि ‘यावं’. हे शेवटचे दोन वेगळे ठेवले नाहीत तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. ‘यावं’मध्ये मनाला येईल ते लिहा, गुण द्या, भांडा. ‘येईल’मध्ये फक्त टक्के. एखादं पुस्तक तुम्हाला अजिबात आवडलं नाही आणि तरी त्याला ५५ टक्के द्यावेसे वाटले, तर शीट बरोबर वापरली जाते आहे असं समजा.

तारखांचा साधारण पट्टा असा. परीक्षकांची नावं बहुधा डिसेंबरच्या सुमारास कळतात. लाँगलिस्ट जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत, शॉर्टलिस्ट सप्टेंबरात, विजेता ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरात. २०२५ मध्ये या तारखा २९ जुलै, २३ सप्टेंबर आणि १० नोव्हेंबर होत्या. २०२२ मध्ये २६ जुलै, ६ सप्टेंबर आणि १७ ऑक्टोबर. दरवर्षी हलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा नव्या शीटवर चिकटवू नका.

इशारा: पैसे लावू नका. तिकडच्या सट्टा कंपन्या बुकरवर भाव काढतात, तो त्यांचा कायदा. आपल्याकडे पैज मामलेदारच्या मिसळीची ठेवा. हरणाऱ्याने तिखट खायची अट घातली तर अंदाज आपोआप सावध होतात.

## टप्पा १: पात्रतेची चाळणी

प्रत्येक पुस्तकाला हे प्रश्न याच क्रमाने विचारा. पहिल्या ‘नाही’ला पुस्तक बाहेर.

१. मूळ इंग्रजीत लिहिलंय का? अनुवाद असेल तर तो इंटरनॅशनल बुकरकडे जातो. तो वेगळा पुरस्कार आहे: त्याचा कालखंड १ मे ते ३० एप्रिल, निकाल मे महिन्यात, आणि ५०,००० पौंड लेखक-अनुवादकात निम्मे-निम्मे. गीतांजली श्री यांना २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांना २०२५ मध्ये मिळाला तो हा. दोन्ही बुकरांची एकच शीट करणं ही कट्ट्यांवरची सगळ्यात जुनी खोड आहे.

२. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित होतंय का? लेखकाच्या राष्ट्रीयत्वाची अट २०१४ पासून नाही. अमेरिकन, भारतीय, कुणीही चालतो. पण पुस्तक तिथल्या प्रकाशकाचं हवं. लेखकाने स्वतः छापलेलं चालत नाही.

३. प्रकाशनतारीख आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुरस्कारवर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत येते का?

४. सलग, एकसंध कादंबरी आहे का? कथासंग्रह चालत नाही. पाने कमी असली तरी हरकत नाही: २०२४ चं विजेतं ‘ऑर्बिटल’ १३६ पानांचं आहे आणि २०१३ चं ‘द ल्युमिनरीज’ ८३२ पानांचं. पानांवरून कुणाला आत-बाहेर करू नका.

चौथ्या प्रश्नात थोडा चिखल आहे. डेव्हिड सालॉय यांचं नऊ स्वतंत्र कथानकांचं पुस्तक २०१६ च्या शॉर्टलिस्टवर कादंबरी म्हणून आलं होतं. म्हणजे गुंफलेल्या कथांना दार बंद नाही. अशा पुस्तकाच्या प्रकारात ‘शंका’ लिहा, बाहेर काढू नका, पण टक्के देताना हात आखडा. याउलट बानू मुश्ताक यांचा कथासंग्रह जिंकला म्हणून पुढच्या बुकरच्या यादीत कथासंग्रह भरायचे हा मात्र निव्वळ गोंधळ. इंटरनॅशनल बुकरमध्ये कथासंग्रह चालतात, बुकरमध्ये नाही.

आता तिसरा प्रश्न, कारण खरी पडझड तिथे होते. आपल्या हातात येतं ते पुस्तक बऱ्याचदा भारतीय आवृत्तीचं असतं आणि तिच्यावरची तारीख बुकरच्या कामाची नसते. शेहान करुणातिलक यांची २०२२ मध्ये जिंकलेली कादंबरी भारतात २०२० मध्येच दुसऱ्या नावाने आणि वेगळ्या रूपात आली होती. अवनी दोशी यांची पुण्यात घडणारी कादंबरी इथे २०१९ मध्ये ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ म्हणून निघाली, ब्रिटनमध्ये २०२० मध्ये ‘बर्न्ट शुगर’ झाली आणि त्या वर्षीच्या शॉर्टलिस्टवर पोचली. पुण्याची गोष्ट म्हणून ती आधीच वाचून ‘गेल्या वर्षीची’ म्हणून बाजूला ठेवली असती, तर घरचंच पुस्तक हुकलं असतं. म्हणून तारीख ब्रिटिश प्रकाशकाच्या पानावरूनच घ्या. ऑनलाइन दुकानात दिसणारी तारीख पुष्कळदा पेपरबॅकची किंवा ई-बुकची असते.

तपासणी: शीटमधल्या कुठल्याही ओळीत ब्रिटनमधली तारीख आणि इंप्रिंट रिकामी असेल तर ती ओळ लाल करा. लाल ओळीला टक्के द्यायचे नाहीत, तिच्यावर चर्चाही नाही.

## टप्पा २: साठ-सत्तर नावांची यादी

तेरा नावं निवडायची तर आधी साठ-सत्तर हवीत. यादी चार तिमाह्यांत मांडा: ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर. प्रत्येकीत निदान बारा पुस्तकं आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ही सक्ती अकारण नाही. आपोआप जमलेल्या यादीत वसंतातली पुस्तकं गच्च भरतात, कारण परीक्षणं त्यांचीच ताजी असतात; पहिली आणि शेवटची तिमाही ओस पडते. ‘ऑर्बिटल’ नोव्हेंबर २०२३ चं होतं आणि जिंकलं नोव्हेंबर २०२४ मध्ये. अँड्र्यू मिलर यांची २०२५ च्या शॉर्टलिस्टवरची कादंबरी ऑक्टोबर २०२४ ची, म्हणजे पात्रतेच्या कालखंडाची खिडकी उघडता उघडताच आत आलेली. दुसऱ्या टोकाला किरण देसाई: लाँगलिस्ट लागली २९ जुलै २०२५ ला, त्यांचं पुस्तक दुकानात यायचं होतं सप्टेंबरात. परीक्षक छापण्याआधीच्या प्रती वाचतात. ‘अजून आलंच नाही, कसं असेल’ हा प्रश्न तुमचा आहे, त्यांचा नाही.

नावं गोळा करायची ती ब्रिटिश प्रकाशकांच्या हंगामी सूचींतून, तिकडच्या वृत्तपत्रांच्या वर्षारंभीच्या ‘या वर्षी काय वाचाल’ याद्यांतून आणि पुस्तक-व्यापाराच्या साप्ताहिकांतून. परीक्षणांच्या याद्या शेवटी चाळा. शेवटच्या तिमाहीसाठी सूचीशिवाय पर्याय नाही.

दुसऱ्या पुरस्कारांच्या याद्या पाहायच्या असतील तर त्यांच्या खिडक्यांसह पाहा. विमेन्स प्राइझचा (स्त्रियांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार) कालखंड १ एप्रिल ते ३१ मार्च असतो, त्यामुळे तिथे नसलेलं पुस्तक नाकारलं गेलंय की त्यांच्या पुढच्या वर्षात पडतंय हे आधी तपासा. अमेरिकेतले मोठे पुरस्कार अंदाजाला फारसे उपयोगी नाहीत. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ २०२४ च्या बुकर शॉर्टलिस्टवर थांबली. त्याच नोव्हेंबरात तिने अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड घेतला आणि २०२५ मध्ये पुलित्झर. कौल वेगळे, मंडळं वेगळी.

## टप्पा ३: इंप्रिंटचा कोटा मोजा

हा टप्पा बहुतेक कट्टे गाळतात आणि सगळ्यात स्वस्तात सुधारणा इथेच होते.

प्रकाशक वाटेल तितकी पुस्तकं पाठवू शकत नाही. इंप्रिंटची गेल्या पाच वर्षांतली लाँगलिस्टवरची कामगिरी पाहून कोटा ठरतो: एकही पुस्तक आलं नसेल तर एक, एक-दोन आली असतील तर दोन, तीन-चार आली असतील तर तीन, पाच किंवा जास्त आली असतील तर चार. आधीच्या विजेत्यांची नवी पुस्तकं या कोट्यात मोजली जात नाहीत. शिवाय प्रकाशक आणखी काही नावं सुचवू शकतात आणि परीक्षक त्यातली निवडक मागवून घेतात. परीक्षकांना स्वतःहूनही पुस्तक मागवता येतं.

याचा व्यवहारात अर्थ असा की एकाच इंप्रिंटची सात पुस्तकं तुमच्या अंतिम यादीत असतील तर तुम्ही अंदाज लावत नाही, त्यांच्या विक्री विभागाला मदत करताय. कोटा चार असला तरी प्रकाशकाने स्वतःच्या दहा-बारा कादंबऱ्यांतून कुठल्या चार पाठवल्या हे बाहेर कळत नाही. दाखल झालेल्या पुस्तकांची पूर्ण यादी जाहीर होत नाही, फक्त आकडा कळतो.

करायचं काम: शीट इंप्रिंटप्रमाणे लावा. प्रत्येक गटात कोटा लिहा. मग संपादक म्हणून विचार करा: माझ्याकडे दोनच जागा आहेत तर यातली कुठली दोन पाठवीन? कोट्यातून सुटणारे माजी विजेते आधी बाजूला काढा. किरण देसाई २००६ च्या विजेत्या, त्यामुळे त्यांचं पुस्तक दाखल होणार याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. पहिल्याच कादंबरीच्या लेखकाला मात्र आधी आपल्याच इंप्रिंटमधल्या नामवंतांशी झगडावं लागतं. दाखल झाल्यावर त्याचं पारडं हलकं नसतं: २०२० च्या शॉर्टलिस्टवर सहापैकी चार पदार्पणं होती आणि जिंकलंही पदार्पणच. नवख्यांना दारातच टक्के कापा, आत गेल्यावर कापू नका.

इशारा: इंप्रिंट आणि मालक कंपनी यांत गल्लत नको. पेंग्विन रँडम हाउसच्या छत्राखाली डझनांनी इंप्रिंट आहेत आणि कोटा प्रत्येकीचा स्वतंत्र. ‘ऑर्बिटल’ आणि २०२५ चं विजेतं ‘फ्लेश’ ही दोन्ही जोनाथन केपची. शीटवर ‘पेंग्विन’ लिहून भागत नाही.

## टप्पा ४: परीक्षकांकडे किती पाहायचं

थोडं. पाच जण असतात आणि पाचांची मिळून सहमती लागते. २०२५ च्या मंडळाचे अध्यक्ष रॉडी डॉइल, १९९३ चे विजेते; सोबत सारा जेसिका पार्कर या अभिनेत्री. म्हणून विनोदी आयरिश किंवा झगमगीत न्यूयॉर्कची कादंबरी येईल असं मांडत बसलेल्याला ‘फ्लेश’ ही कमी बोलणाऱ्या एका हंगेरियन माणसाची गोष्ट हाती लागली. परीक्षकाच्या देशावरून, धंद्यावरून पुस्तक ओळखायचा नाद सोडा.

उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे: मंडळ पुस्तक किती वेळा वाचतं. लाँगलिस्टवर आलेली पुस्तकं शॉर्टलिस्टआधी पुन्हा वाचली जातात, आणि शॉर्टलिस्टवरची विजेता ठरवताना तिसऱ्यांदा. पहिल्या वाचनात धक्का देऊन संपणारी, कथानकाच्या एकाच कलाटणीवर उभी असलेली पुस्तकं लाँगलिस्टपर्यंत येतात आणि तिसऱ्या वाचनात पातळ होतात. वाक्यावर उभं असलेलं पुस्तक टिकतं. म्हणून शीटमध्ये एक छोटा रकाना वाढवा: ‘दुसऱ्यांदा वाचवेल का?’ उत्तर हो, नाही, माहीत नाही. लाँगलिस्टच्या अंदाजात हा रकाना वापरू नका. त्याचा उपयोग ऑगस्टनंतर.

## टप्पा ५: नावं पुरत नाहीत, टक्के लिहा

‘माझी तेरा’ ही पद्धत मजेची आहे, पण तिच्यातून कळत काहीच नाही. आधी निव्वळ नशिबाने किती जमतात ते पाहू.

२०२५ मध्ये १५३ पुस्तकं दाखल झाली, २०२४ मध्ये १५६, २०२३ मध्ये १६३. १५३ मधून १३ म्हणजे एका पुस्तकाची सरासरी शक्यता साडेआठ टक्के. डोळे मिटून तेरा चिठ्ठ्या काढल्या तर सरासरी एकच पुस्तक बरोबर येईल, जेमतेम १.१. त्यामुळे लाँगलिस्टमधली तीन-चार ओळखणं चांगलं आहे. शॉर्टलिस्टचं गणित अगदी वेगळं: १३ मधून ६ निवडताना नुसत्या चिठ्ठ्यांनीही २.८ जमतात. म्हणजे ‘माझी तीन आली!’ म्हणून मिसळ मागणाऱ्याने चिठ्ठ्यांइतकीच कामगिरी केलेली असते.

टक्के असे लिहा.

१. ‘यादीबाहेरचं’ अशी एक ओळ करा. तुम्ही साठ नावं जमवली तरी लाँगलिस्टमध्ये न ऐकलेली पुस्तकं येणारच. पहिल्या वर्षी या ओळीला ४०० ते ५०० द्या.

२. सगळ्या ओळींची बेरीज १३०० आली पाहिजे, कारण तेरा पुस्तकं यायची आहेत. बाहेरच्या ओळीला ४६० दिले तर साठ नावांत ८४० उरतात, म्हणजे सरासरी १४ टक्के. हा तुमचा मधला बिंदू. पुस्तक यापेक्षा वर का, खाली का, याचं एका ओळीचं कारण शेऱ्यात लिहा.

३. लाँगलिस्टआधी कुणालाही ७० च्या वर नेऊ नका. माजी विजेता, चांगली परीक्षणं, कोट्याबाहेर, सगळं जुळलं तरी ५०-६० पुष्कळ. पाच माणसांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं.

४. सगळ्यांनी एकाच वेळी, एकमेकांचं न पाहता भरा. बंद पाकीट किंवा नोंदकर्त्याला खासगी संदेश. उघड्या शीटवर पहिला माणूस ६० लिहितो, दुसरा ५५, तिसरा ५८, आणि सहा जणांचा मिळून एकच अंदाज उरतो. गटात एखादे निवृत्त प्राध्यापक असतील तर हे अधिकच लागू. त्यांचा आकडा शेवटी उघडा.

५. मग सरासरी काढा आणि गटाचा अंदाज म्हणून तो वेगळा रकाना ठेवा. बऱ्याचदा हा रकाना गटातल्या बहुतेक सभासदांपेक्षा बरा निघतो, आणि ते पचवायला एक-दोन वर्षं लागतात.

तपासणी: बेरीज १३०० आहे का? बहुतेकांची पहिल्या फेरीत दोन हजारांच्या पुढे जाते. ‘येईल’ मध्ये ‘यावं’ शिरल्याची ती खूण. सगळ्या आकड्यांना एकाच प्रमाणात कापू नका. सगळ्यात वरच्या दहांवर पुन्हा बसा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्याअखेर कुलूप. त्यानंतर कुठल्याही मुलाखतीवरून, कुणाच्या ‘आतल्या’ बातमीवरून आकडा बदलायचा नाही.

## टप्पा ६: लाँगलिस्ट ते शॉर्टलिस्ट, म्हणजे वाचनाची वाटणी

इथे उत्साह गणिताला हरवतो. तेरा पुस्तकं, सरासरी ३०० पानं धरली तर ३,९०० पानं. अशा गद्याचा वेग तासाला तीस पानं धरा: १३० तास. २०२५ मध्ये दोन्ही याद्यांमध्ये ५६ दिवस होते, म्हणजे रोज दोन तास वीस मिनिटं, त्यात मधोमध गणपती. एकट्याने होत नाही. २०२२ सारखे ४२ दिवस मिळाले तर विचारूच नका.

सहा जणांनी वाटून घेतलं आणि प्रत्येक पुस्तक दोघांनी वाचायचं ठरवलं तर माणशी चार, एखाद्याला पाच पुस्तकं येतात. रोज पाऊण तास. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलच्या एका फेरीचं काम, बसायला मिळालं तर.

वाटणीत दोन नियम पाळा. जे पुस्तक ज्याच्या ‘यावं’मध्ये वर आहे, त्याने ते वाचायचं नाही, वाचलं असेल तर दुसरे दोघे शोधा. आणि ज्या पुस्तकाबद्दल गटात कुणालाच काही माहीत नाही ते सर्वात आधी वाटा, नाहीतर ते सप्टेंबरपर्यंत कोपऱ्यात पडून राहतं. सप्टेंबरात निघणारी पुस्तकं आपल्याकडे शॉर्टलिस्टनंतर पोचू शकतात. त्यांच्यासाठी ई-बुकचा नमुना, सुमारे दहावा भाग, फुकट वाचता येतो. तेवढ्यावर टक्के द्या आणि शेऱ्यात ‘नमुन्यावरून’ असं लिहा. तेराच्या तेरा विकत घेऊ नका. शॉर्टलिस्टनंतर सहा घेतलीत तरी शेल्फ भरतं.

वाचून झालेल्याने परत येताना दोनच प्रश्नांची उत्तरं आणायची. पहिली पन्नास पानं पुन्हा वाचली तेव्हा काय राहिलं? आणि पुस्तक नावडलेल्या परीक्षकाला त्यातलं काय पटवून देता येईल? सारांश नको, तो मलपृष्ठावर असतो.

आता नवे टक्के. बेरीज ६००, तेरा नावांत, बाहेरची ओळ नाही. मधला बिंदू ४६. पुन्हा बंद पाकीट.

## टप्पा ७: सहामधून एक

बेरीज १००, मधला बिंदू १६-१७. एखाद्याला ४५ च्या वर न्यायचं तर सभेत कारण सांगावं लागेल अशी अट ठेवा.

या टप्प्यावर सट्ट्याचे भाव पाहण्याचा मोह होतो. आपले आकडे बंद झाल्यावर पाहा, आधी नाही. साहित्य पुरस्कारावर लागणारा पैसा थोडा असतो, थोड्या लोकांनीही भाव हलतो, आणि परीक्षकांपैकी कुणी तो भाव वाचून मत देत नाही.

विभागून मिळाला तर काय, हे आधीच ठरवा. १९९२ मध्ये दोघांना मिळाल्यानंतर विभागणी बंद करणारा नियम आला, तरी २०१९ च्या मंडळाने तो मोडून मार्गारेट अॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हारिस्टो या दोघींना दिला. साधा तोडगा: दोन्ही पुस्तकांना निकाल म्हणून अर्धा-अर्धा धरायचा. हे त्या रात्री ठरवायला गेलात तर मिसळीचा वाद होईल.

तिकडे रात्री साडेनऊला नाव पुकारलं तर नोव्हेंबरात आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. जागायचं असेल तर जागा, पण हिशेब सकाळी करा.

## टप्पा ८: हिशेब

प्रत्येक पुस्तकासाठी एक साधं गणित. तुमचे टक्के दशांशात घ्या, निकाल १ किंवा ०, फरक काढा, त्याचा वर्ग करा. सगळ्या पुस्तकांची सरासरी म्हणजे तुमचा गुण. कमी तितका चांगला.

९० टक्के दिलेलं पुस्तक आलं नाही तर ०.८१ चा दंड. ६० टक्के देऊन आलं नाही तर ०.३६. तेच ६० टक्के देऊन आलं तर फक्त ०.१६. छातीठोक बोलणाऱ्याला हे गणित महिनाभरात शांत करतं.

तुलना कशाशी करायची? ज्याने काहीच विचार केला नाही आणि सगळ्यांना मधला बिंदू दिला, त्याच्याशी. शॉर्टलिस्टच्या वेळी सगळ्यांना ४६ देणाऱ्याचा गुण ०.२५ येतो. विजेत्याच्या वेळी सहांना सारखे वाटणाऱ्याचा ०.१४. लाँगलिस्टमध्ये साठ नावांना सरसकट १४ दिले आणि त्यातली आठ आली, तर ०.११५ च्या आसपास. तुमचा गुण त्या-त्या टप्प्याच्या या आकड्यापेक्षा कमी असेल तरच तुम्ही काही ओळखलंत.

इशारा: तीन टप्प्यांचे गुण एकमेकांशी ताडू नका. ‘लाँगलिस्टला ०.१२ होता, शॉर्टलिस्टला ०.२२ झाला, माझं बिघडलं’ हा निष्कर्ष चूक आहे. पहिला गुण त्या टप्प्याच्या आळशी अंदाजापेक्षा वाईट आहे आणि दुसरा चांगला.

‘यादीबाहेरचं’ ही ओळ वेगळी तपासा. ४६० दिले होते, म्हणजे साडेचार पुस्तकं बाहेरून येतील असं म्हटलं होतं. सात आली, तर टक्क्यांत दोष नाही, टप्पा २ अरुंद झाला. कुठल्या तिमाहीतली आणि कुठल्या इंप्रिंटची हुकली ते लिहून ठेवा. बहुधा छोट्या प्रकाशकांची निघतात. २०२२ चं विजेतं पुस्तक सॉर्ट ऑफ बुक्स या अगदी लहान प्रकाशनाचं होतं.

## मराठीसाठी: साहित्य अकादमीचा अंदाज

साचा तोच, पण चार गोष्टी बदला.

पहिली, खिडकी. पुरस्कारवर्षातून सहा वजा केलेल्या वर्षापासून दोन वजा केलेल्या वर्षापर्यंत. २०२४ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०२२. ‘यंदा गाजलेलं’ पुस्तक यंदा पात्रच नसतं. २०२० चा पुरस्कार जाहीर झालेली नंदा खरे यांची ‘उद्या’ २०१४ ची होती; त्यांनी तो स्वीकारला नाही, हा भाग वेगळा. तारीख घ्यायची ती प्रथमावृत्तीची. दुसरी-तिसरी आवृत्ती हातात घेऊन वर्ष लिहिलं की चूक झालीच. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयात जाऊन पुस्तक उघडून श्रेयपृष्ठ पाहणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

दुसरी, प्रकार. हा कादंबरीचा पुरस्कार नाही. २०१३ ते २०२४ या बारा मराठी पुरस्कारांत कादंबऱ्या तीनच: २०२०, २०२२ आणि २०२३. बाकीच्यांत कथासंग्रह दोन, कविता दोन, समीक्षा दोन, लेखसंग्रह दोन, आत्मचरित्र एक. तरी दरवर्षी कट्ट्यांवरच्या दहा नावांत आठ कादंबऱ्या असतात. आधी टक्के प्रकारांना वाटा, कादंबरीला २५-३०, आणि मग त्या वाट्यातून पुस्तकांना.

तिसरी, माजी विजेते. बुकरमध्ये त्यांना वाट मोकळी, इथे बंद: अकादमी पुरस्कार मिळालेला लेखक पुन्हा पात्र नसतो. शीटमधला तो रकाना उलटा वाचा.

चौथी, टप्पे. लाँगलिस्ट-शॉर्टलिस्टचा जाहीर सोहळा नाही. तीन जणांचं परीक्षक मंडळ आणि एकदम निकाल, बहुधा डिसेंबरात. त्यामुळे एकच फेरी, बेरीज १००, आणि ‘यादीबाहेरचं’ला निदान ४० द्या. पाच वर्षांचं मराठी प्रकाशन कुठल्याही कट्ट्याच्या आवाक्यापेक्षा मोठं आहे. इथे कुलूप नोव्हेंबरअखेर घाला, म्हणजे दिवाळी अंक बाजूला ठेवून हे काम करायला कुणी तयार आहे का तेही कळेल.